कोपरावरचं भोक

"भोक कुठे गेलं?" मुलीने विचारलं.

सकाळच्या घाईत माणसं किल्ली कुठे गेली विचारतात, चष्मा कुठे गेला विचारतात. भोक कुठे गेलं असं कुणी विचारत नाही. पण ज्या घरात आईचा धंदाच रफूचा, तिथे हा प्रश्न अगदीच जगावेगळा नव्हता. मुलगी खिडकीपाशी उभी होती. शाळेचा राखी रंगाचा लोकरी कोट तिने उजेडात धरला होता, उजव्या बाहीत हात घातला होता आणि कोपराच्या जागी आतून बोटं ढकलून बघत होती. आई ओट्यापाशी चहा गाळत होती. प्रश्न ऐकून तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि ते तिचं धंद्यातलं हसू होतं. गिऱ्हाइकं कपडा न्यायला आली की असंच करत. आधी बाही उलटीसुलटी करत, मग दारातल्या उजेडात नेत, मग भुवया चढवून विचारत, कुठं होतं हो ते? रफूवालीला कौतुक मिळतं ते एवढंच. शिंप्याने शिवलेला सदरा लोक अंगावर मिरवतात, सुताराच्या टेबलावरून हात फिरवतात. हिचं काम जितकं चांगलं तितकं ते दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीची तारीफ कोण करत बसणार? म्हणून गिऱ्हाइकाचा तो गोंधळलेला चेहरा ती मनात जपून ठेवायची. आज तोच चेहरा पोटच्या पोरीचा होता. "शोध," गाळणं आपटत ती म्हणाली, "सापडलं तर मला सांग."

मुलगी कोट घेऊन खालीच बसली, फरशीवर. "आई," ती म्हणाली, "मला तेच न्यायचं होतं."

आईला आधी काही उमगेना. मग हळूहळू उमगत गेलं, आणि तसतसा कपातला चहा निवत गेला. आज मुलाखत होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या डिझाइनच्या कॉलेजात मुलीला जायचं होतं, आणि शाळेचं हे शेवटचं वर्ष तिने त्याच एका गोष्टीच्या मागे घातलं होतं. लेखी परीक्षा झाली, चित्रांची परीक्षा झाली, दोन्हीतून ती पार पडली, आणि आता शेवटच्या चाळणीसाठी कॉलेजने सगळ्या मुलांना एकच गोष्ट सांगितली होती. या वर्षात तुमच्या हातून घडलेली, पण तुम्ही मुद्दाम न केलेली अशी एक वस्तू घेऊन या आणि तिच्याबद्दल बोला. मुलीने हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आधी बोललं की त्यातला दम जातो, असं तिचं शास्त्र. काल शाळेत जाताना ती एवढंच म्हणाली होती, की उद्या मला कोट लागणार आहे, आठवण कर. आता फरशीवर बसून ती सगळं सांगत होती, आणि तिचा आवाज चढलेला नव्हता, उलट नको इतका शांत होता. वर्षभर ती त्या टेबलाशी बसली, थंडीमुळे कोट अंगात असायचाच, उजवं कोपर टेबलाच्या कडेवर टेकलेलं. आधी तिथली लोकर चकचकीत झाली, मग विरळ झाली, मग आरपार उजेड दिसायला लागला, आणि एक दिवस भोक पडलं. "मी ते केलं नव्हतं आणि मीच केलं होतं," ती म्हणाली. "अख्खं वर्ष त्या एका जागेत होतं. मी रोज बघायचे किती वाढलं ते. तुझ्यापासून लपवायचे, कारण तुला दिसलं असतं तर तू ते ठेवलं नसतंस."

हे शेवटचं वाक्य आईला लागलं. खरं असलं की जास्तच लागतं. काल दुपारी नेमकं तेच झालं होतं. मुलगी मुख्याध्यापकांची सही आणायला गेली होती, नवरा कामावर होता. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर तो कुठल्या ना कुठल्या इमारतीत, लिफ्ट वरखाली जाते त्या विहिरीत लटकलेला असतो आणि घरी आल्यावर म्हणतो, आज दहा मजले चढलो आणि पुन्हा आपल्या तळमजल्यावर आलो. तर घरात ती एकटीच होती. कोटाला ब्रश मारावा म्हणून तिने तो खुर्चीवरून उचलला आणि बाही हाताला लागताच तिची बोटं थबकली. डोळ्यांच्या आधी बोटांना कळलं. कोपरावर चांगलं चहाच्या बशीएवढं झिजलेलं, आणि त्याच्या मधोमध भोक, कडेने दशा निघालेल्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गल्लीतल्या लोकांचे सिगरेटने जळलेले कोट, उंदराने कुरतडलेल्या शाली, दारात अडकून फाटलेले झगे, सगळं जग आपल्याकडून बुजवून घेतं, आणि आपली मुलगी वर्षभर फाटक्या कोपराने शाळेत गेली? आणि उद्या असाच कोट घालून मोठ्या कॉलेजातल्या मोठ्या लोकांसमोर हात टेकून बसणार? माझं लक्ष कुठे होतं? दोघींची टेबलं एकाच खिडकीला लागून होती, समोरासमोर. वर्षभर कापडाचा तो खसखस आवाज तिच्या कानावर येत होता, आणि तिला वाटत होतं पोरगी खोडरबर घासतेय.

मग ती बसली. असं बसायला तिला आवडायचं. खरं सांगायचं तर या जगात ती कुठे आपल्या जागी असेल तर इथे, भिंग डोळ्यापुढे ओढून, बोटाला सुई लागू नये म्हणून टोपण चढवून, खिडकीतला उजेड डाव्या खांद्यावरून येत असताना. कोटाच्या आतल्या शिवणीत दबून राहिलेली थोडी लोकर असते, ती उन्हात विटलेली नसते; तिथून धागे काढायचे आणि मग ते ओल्या हाताने चोळून जरा जुने करायचे, म्हणजे रंग जुळतो. त्याआधी भोकाच्या कडा कापून साफ करायच्या. हे तिला आत्याने शिकवलं होतं. आत्याचं म्हणणं असं, की लोक भोकाला घाबरतात; खरं घाबरायचं ते भोकाच्या कडेला. कड नेहमी वाटते त्यापेक्षा लांबवर कुजलेली असते. म्हणून नवशिक्या बायका नुसतं भोक बुजवतात आणि महिन्याभरात रफूच्या भोवती नवं भोक पडतं. हिने कधी तसं केलं नाही. हात आखडता न घेता तिने कालही सगळं जीर्ण कापड कापून काढलं, दशा केराच्या टोपलीत टाकल्या, आणि मग उभे धागे एकेक करून ओवले, चांगल्या कापडात खोलवर नेऊन, मग आडवे, एक वर एक खाली, कोटाचं मूळ तिरकं विणकाम होतं तसंच तिरकं धरून. उजेड टेबलावरून सरकत सरकत जमिनीवर उतरला तेव्हा तिने ओला फडका ठेवून इस्त्री फिरवली, ब्रश मारला, आणि बाही अशी लांब धरून बघितली. भोक नव्हतं. नुसतं बुजलेलं नव्हे; ते कधी नव्हतंच असं झालं होतं. कुणाला दाखवायची सोय नव्हती, पण तिला माहीत होतं, की जन्मात आपल्या हातून इतकं चांगलं काम झालेलं नाही. तिचा ऊर भरून आला. संध्याकाळी मुलगी आली तेव्हा ती काही बोलली नाही. उद्या सकाळी बघेल आणि विचारेल, असा तिचा डाव होता. आणि डाव फळला, मुलीने विचारलं.

"मी उसवून देते," आई आता म्हणाली. चहा तसाच टाकून ती टेबलाशी गेलीसुद्धा. "अजून वेळ आहे. सगळे धागे काढते. होतं तसं भोक देते तुला."

"होतं तसं कसं देशील?" मुलगी म्हणाली. "कडा कुठे आहेत?"

कडा केराच्या टोपलीत गेल्या होत्या आणि टोपली काल संध्याकाळीच रिकामी झाली होती. आता रफू उसवली तर मिळणार होतं ते कात्रीने कापलेलं स्वच्छ, गोल भोक. आई बारीक आवाजात म्हणाली, की दगडावर घासून दशा काढता येतील, कुणाला कळणार आहे, आणि बोलता बोलताच तिला कळलं की आपण काय बोललो. "नाही," मुलगी म्हणाली. "खोटं भोक नाही नेणार मी." ती उठली, तिने तोंड धुतलं, केस विंचरले. रडली नाही. नवरा दाराशी बूट चढवत सगळं ऐकत होता. एरवी त्याने यावर विनोद केला असता, आज त्याने मुलीच्या डोक्यावर टपली मारली आणि नुसतं म्हटलं, "खारे, आत गेल्यावर भीती वाटली तर पायांची बोटं हलव. मी वर लटकलो की तेच करतो." लहानपणापासून पेन्सिली कुरतडायची म्हणून तो तिला खार म्हणायचा. मग बायकोकडे वळून तो हळूच म्हणाला, "तू पण हलव." आणि गेला.

बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. कोट मुलीच्या मांडीवर घडी करून ठेवलेला होता, बाही वर. खिडकीबाहेर दुकानं उघडत होती, कुणी पायऱ्या धूत होतं, कुणी शटर अर्धं वर करून वाकून आत शिरत होतं. आईला वाटत होतं, मुलीने आपल्याला बोलावं. चार शब्द सुनवावेत, आदळआपट करावी. भांडणाचं तिला भय नव्हतं. भांडण म्हणजे भोक, ते दिसतं, ते बुजवता येतं. ही शांतता मात्र सलग कापडासारखी होती, कुठे हात घालावा कळत नव्हतं. आणि मग तिचं तिलाच आठवायला लागलं, नको होतं तरी. मुलगी लहान असताना तिने घराचं चित्र काढलं होतं, त्यात घराला एकच भिंत होती, बाकी सगळं उघडं. आईने पेन्सिल घेऊन उरलेल्या भिंती काढून दिल्या होत्या. पोरगी म्हणाली होती, आता आत जाता येणार नाही. सगळे हसले होते. मग तिची जिवलग मैत्रीण रुसली होती तेव्हा आईने परस्पर मैत्रिणीच्या घरी जाऊन समेट घडवून आणला होता, आणि मुलगी दोन दिवस जेवली नव्हती. आणि याच वर्षाच्या सुरुवातीला, मुलीने सांगितलं की मला इंजिनिअर व्हायचं नाही, मला वस्तू कशा असाव्यात ते शिकायचं आहे, तेव्हा आई नवऱ्याला म्हणाली होती, अहो, दोन्हीचे अर्ज भरेल ती, बघू पुढे. मुलीला म्हणाली होती, बाबा तयार आहेत. दोघांनाही अर्धं अर्धं सांगून तिने मधली फट बेमालूम बुजवली होती. महिन्याभराने फट पुन्हा उघडली, तीही जेवणाच्या ताटावर. त्या दिवशी मुलगी म्हणाली होती, "आई, तू मध्ये नको ना पडूस. माझं मी सांगते बाबांना." आणि तिने सांगितलं होतं, सरळ, त्याच्या डोळ्यांत बघून. नवरा बराच वेळ घास चिवडत बसला होता आणि मग म्हणाला होता, "वस्तू कशा असाव्यात? मग आधी लिफ्टची बटणं नीट कर." झालं. एवढंच होतं ते. आईने न बुजवताच ते सुटलं होतं.

आपण का असं करतो? बस एका वळणावर कलली आणि मुलीचा खांदा तिच्या खांद्याला लागला, पुन्हा सुटला. कदाचित आपल्याला कुणी काही विचारलं नाही म्हणून. तिचंही एक शेवटचं वर्ष होतं. तीही परीक्षेला बसली होती, बऱ्यापैकी पास झाली होती, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी आत्याने तिला सुई-दोरा देऊन खिडकीशी बसवलं होतं. कुणी नको म्हटलं नव्हतं, कुणी अडवलं नव्हतं; पुढे काय करायचंय असं कुणी विचारलंच नव्हतं, आणि तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं. तिला त्याचं दुःख नव्हतं. हात चांगला होता, हाताने घर उभं केलं. पण न विचारता करायचं, हेच तिच्या हाताला वळण लागलं होतं. फाटकं दिसलं की बुजवायचं. ते कुणाचं आहे, त्याला ते हवं आहे का, हा प्रश्न धंद्यात येतच नाही. लोक बुजवण्यासाठीच आणतात. मुलगी तिच्याकडे काही घेऊन आली नव्हती. आईने आपणहून तिच्या खुर्चीवरून उचललं होतं. तिने पायांची बोटं हलवून पाहिली.

कॉलेजच्या वऱ्हांड्यात बाकं मांडली होती आणि त्यांवर मुलं आपापल्या वस्तू घेऊन बसली होती. आई कधी अशा जागी आली नव्हती. उंच छत, खिडक्यांना पडदे नाहीत, भिंतीवर खिळ्यांची भोकंच भोकं, आणि ती कुणी बुजवलेली नव्हती. एका मुलीच्या मांडीवर काचेची बरणी होती, तीत वर्षभर कंगव्यात गळलेले केस. एका मुलाने सपाता आणल्या होत्या, अंगठ्याने तळ खणून काढलेल्या. दुसऱ्या कुणाकडे दाराच्या मुठीचा फोटो होता, कुणाकडे मेणबत्तीच्या ओघळांचा ढीग. सगळं झिजलेलं, गळलेलं, मोडलेलं, आणि सगळ्यांनी ते नव्या बाळासारखं जपून धरलेलं. त्या सपाता पाहून आईचे हात शिवशिवले. आतून एक चामड्याचा तुकडा लावला तर अजून दोन वर्षं जातील, असं मनात आलं आणि तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. तिच्या मुलीच्या मांडीवर मात्र एक नीटनेटका, इस्त्री केलेला, कुठेही काही न झालेला कोट होता. शेजारचा मुलगा दोनदा त्याच्याकडे बघून म्हणाला, "तुझी वस्तू कुठाय?" मुलगी म्हणाली, "हीच." मुलगा चाचरला. "ह्यात काय आहे?" मुलगी म्हणाली, "ते आत गेल्यावर बघते."

तेव्हा तिने पहिल्यांदा आईकडे पाहिलं. त्या नजरेत आईने वाचलं ते असं, की मुलीला भीती वाटतेय आणि ती ते कुणाला कळू देणार नाही. आईला एकदम लख्ख जाणवलं की आपल्याला या पोरीचा भयंकर अभिमान आहे. अजून आत जायची होती, काही मिळवलं नव्हतं, बहुतेक मिळणारही नव्हतं. पण खोटं भोक नेणार नाही म्हणाली होती. एवढं आपल्याला जमलं नसतं. आपण दगडावर घासायला निघालो होतो.

मुलीचं नाव पुकारलं गेलं. दार बंद झालं. आई बसून राहिली. आतून काही ऐकू येत नव्हतं. मग एकदा आतली माणसं एकदम हसल्याचा आवाज आला. हसले. कोटाला हसले का तिला? तिने कल्पनेत दार उघडलं, आत गेली आणि सांगितलं, की चूक माझी आहे, पोरीची नाही, तिने वर्षभर मेहनत केली, मी एका दुपारी पुसून टाकली. हेच बोलायचं होतं. नेहमीप्रमाणे मध्ये पडायचं होतं. तिने बाकाची कड घट्ट धरली. तिच्यासमोर बरणीवाली मुलगी पुटपुटत काहीतरी पाठ करत होती. नाही जायचं, आई स्वतःला म्हणाली. एवढं तरी उसवलेलं राहू दे. आणि ती उठली नाही. तिच्या आजवरच्या सगळ्या रफूंपेक्षा ते न उठणं जड होतं, हे कुणाला सांगून पटलं नसतं.

परतीच्या बसला गर्दी नव्हती. मुलगी खिडकीशी बसली आणि बस सुटल्यावरच बोलली. आत तिघं होते. दोन पुरुष आणि एक वयस्क बाई, केस अगदी पांढरे, हातावर रंगाचे डाग. त्यांनी विचारलं, वस्तू कुठे आहे? हिने कोट टेबलावर ठेवला. काय आहे यात? हिने सांगितलं, आता काही नाही, काल दुपारपर्यंत होतं. "मग हसले," मुलगी म्हणाली. "मग मी सगळं सांगितलं. भोक कसं पडलं. तू कसं बुजवलंस. मी म्हटलं, ह्या वर्षात मी मुद्दाम न करता माझ्यामुळे झालेल्या गोष्टी दोन. एक भोक, आणि दुसरी ही, आईचं सगळ्यात चांगलं काम. दुसरीसुद्धा माझ्यामुळेच झाली, पण ती माझ्या हातची नाही, म्हणून ती माझी म्हणून दाखवू शकत नाही. मग ती बाई कोट घेऊन खिडकीशी गेली."

"सापडलं तिला?" आईने विचारलं. अगदी झटकन. पोरीच्या प्रवेशाचं काय झालं, हे विचारायच्या आधी तिच्या तोंडून हे निघालं, आणि निघाल्यावर तिला लाज वाटली.

मुलगी हसली. सकाळपासून पहिल्यांदा. "बाहेरून नाही सापडलं. बाही उलटी केल्यावर सापडलं. बोटांनी चाचपून. म्हणाली, इथे कापड जरा जास्त जिवंत लागतंय."

आईने मान हलवली. जास्त जिवंत. हो, नवे धागे आतून तसेच लागतात. महिनाभर वापरल्यावर बसतात. बाईला हात आहे म्हणायचा. अशी बाई शिकवणार असेल तर पोरीचं सोनं होईल, असं तिच्या मनात आलं, आणि त्याच दमात भीतीही, की शिकवणार असेल तर ना.

"मग तिने विचारलं, आई बाहेर बसली आहे का? मी म्हटलं हो. तर म्हणाली, आम्ही तुला शेवटी पुन्हा बोलावतो. जा, आईकडून उसवून आण. जसं असेल तसं भोक आण. वस्तूसाठी वेगळे गुण ठेवलेत, वस्तूच नसेल तर आम्हाला ते देता येणार नाहीत."

"मग आली का नाहीस?" आई जवळजवळ ओरडली. पुढच्या बाकावरच्या माणसाने वळून पाहिलं. "अगं वेडे, मी दाराबाहेर होते. पर्समध्ये कात्री आहे माझ्या. दोन मिनिटांत उसवून दिलं असतं."

"माहीत होतं मला," मुलगी म्हणाली. "तू दिलं असतंस. म्हणूनच नाही आले."

बस सिग्नलला थांबली. आई तिच्याकडे बघत राहिली. मुलगी कोटाच्या बाहीवर हात ठेवून बाहेर बघत होती, आणि बाहेर बघतच म्हणाली, "मी त्यांना म्हटलं, काम पुरं झालेलं आहे, ते मी मोडणार नाही. गुण राहू देत. चित्रं बघा माझी." मग जरा थांबून, "मला राग आला होता तुझा. अजून आहे. पण ते वेगळं."

आईला खूप काही बोलायचं होतं. तिने पर्स उघडली, बंद केली. आयुष्यभर लोकांनी तिच्या कामात भोक शोधलं आणि न सापडल्यावर विसरून गेले. कोट घातला, चालते झाले. आज पहिल्यांदा कुणीतरी तिघा मोठ्या माणसांसमोर तो कोट ठेवून सांगितलं होतं की इथे माझ्या आईचं काम आहे, ते तुम्हाला दिसत नाही, आणि मी ते उसवणार नाही. आणि त्यासाठी हातातोंडाशी आलेलं सोडून दिलं होतं. हिला ओरडावं की कवटाळावं? तिने दोन्ही केलं नाही. ती म्हणाली, "पुढच्या वेळी विचारीन." मुलगी म्हणाली, "विचार." आणि बस सुटली.

यादी लागायला बरेच दिवस होते, आणि ते दिवस कसे गेले ते त्या घरालाच माहीत. शाळेची शेवटची परीक्षा झाली. नवरा लिफ्टच्या विहिरीतून फोन करायचा, लागली का? ती म्हणायची, लागली की काय तुमच्यापासून लपवून ठेवणार आहोत? मुलगी टेबलाशी बसून, आता अभ्यास नसताना, उगाच कागदावर रेघा ओढायची. आईचे हात धाग्यात आणि जीव टांगणीला. एकदा तिने एका गिऱ्हाइकाला विचारलं, की हे बुजवायचंच आहे ना? गिऱ्हाईक म्हणालं, मग काय मोठं करायचंय? ती हसली, पण तिला विचारल्यावर बरं वाटलं. प्रवेश मिळाला नाही तर काय, हे तिघांपैकी कुणी बोलत नव्हतं. पोरीचं एक वर्ष जाईल, पुन्हा परीक्षा, आणि याला कारण आपल्या दोन हातांचं कौशल्य. हे तिच्या मनात सकाळी उठल्या उठल्या यायचं आणि अंथरुणाच्या घड्या घालेपर्यंत टिकायचं.

मग एक दिवस मुलगी म्हणाली, "यादी लागलीय. मला एकटीला नाही बघवणार." तिघं गेली. नवऱ्याने रजा काढली होती. कॉलेजच्या वऱ्हांड्यात काचेच्या पेटीत कागद लावलेला होता आणि त्याच्यापुढे मुलांची, आईबापांची ही गर्दी. मुलगी मागेच थांबली, एका खांबाला टेकून, डोळे मिटून. नवऱ्याला लांबचं दिसत नव्हतं आणि चष्मा त्याने अर्थातच घरी विसरला होता. राहिली ती. रेटारेटीत शिरायची तिला सवय नव्हती. जिथे जाईल तिथे कडेला उभं राहायचं, कुणाला आपली अडचण होऊ द्यायची नाही, आपण होतो हे कुणाला कळू द्यायचं नाही, असंच ती जगत आली होती. आज ती कोपरं मारत पुढे घुसली. नजर बारीक कामाला सरावलेली. वरून खाली एकेक ओळ, एकेक नाव, वर एक, खाली एक. यादी संपत आली. शेवटच्या काही ओळी राहिल्या. आणि मग, अगदी तळाशी, खालून मोजायला बोटंही लागू नयेत इतक्या तळाशी, मुलीचं नाव होतं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. पुढच्या रकान्यांत लेखीचे गुण, चित्रांचे भरघोस गुण, आणि वस्तूच्या रकान्यात एक आडवी रेघ. काही नाही. चित्रांच्या जोरावर, फक्त स्वतःच्या हाताच्या जोरावर पोरगी आत गेली होती.

तिने काचेवर बोट ठेवलं. नावाखाली, घट्ट. मागे वळून तिने हाक मारली नाही. नुसती उभी राहिली. काच थंड होती आणि तिच्या बोटाभोवती वाफ धरत होती.

"कुणाचं नाव आहे?" शेजारच्या बाईने विचारलं.

"माझ्या मुलीचं," ती म्हणाली, आणि इतक्या मोठ्यांदा म्हणाली की खांबापाशी उभ्या असलेल्या मुलीने डोळे उघडले.

"बाई, हात काढा ना," मागून कुणीतरी कुरकुरलं. "आम्हालाही बघू द्या खालची नावं."

"थांबा जरा," ती म्हणाली, आणि बोट तिथंच ठेवलं.